कोसोवो, मार्च २००४: फौज होती, ती हलवायची परवानगी नव्हती

१७ मार्च २००४ च्या सकाळी कोसोवोत नाटोच्या नेतृत्वाखालील केफोर या बहुराष्ट्रीय फौजेचे सुमारे १७,५०० सैनिक होते. बाल्कनमधला, बहुसंख्य अल्बेनियनांचा हा प्रदेश जेमतेम १०,९०० चौरस किलोमीटरचा. सैनिकांखेरीज संयुक्त राष्ट्रांच्या उन्मिक प्रशासनाचे आंतरराष्ट्रीय पोलीस होते आणि नव्याने उभे केलेले स्थानिक पोलीस दलही होते. तरीही दोन दिवसांत १९ माणसे मेली, त्यांत ११ अल्बेनियन आणि ८ सर्ब. ९५४ जखमी झाले. अल्पसंख्याकांची, मुख्यतः सर्बांची, सुमारे ७३० घरे आणि ३६ ऑर्थोडॉक्स चर्च, मठ व इतर वास्तू जळाल्या किंवा मोडल्या. ४,१०० लोकांना घर सोडावे लागले. बंदोबस्तावरच्यांपैकी ६१ केफोर सैनिक, ६५ आंतरराष्ट्रीय पोलीस आणि ५८ स्थानिक पोलीस जखमी झाले.

सैनिक कमी पडले, हे उत्तर पटकन सुचते. पण त्याच दिवशी, त्याच फौजेतल्या काही तुकड्यांनी जमाव अडवला आणि काहींच्या तळाशेजारचे अख्खे गाव जळाले. हा फरक संख्येने समजत नाही. सैनिकाला काय करायची मुभा होती, त्याच्या हातात काय होते आणि त्याला एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पाठवण्याचा अधिकार कोणाला होता, हे पाहावे लागते.

फौज कशी बसवली होती

१९९८-९९ च्या युद्धात सर्बियाच्या सुरक्षा दलांनी लाखो अल्बेनियनांना कोसोवोतून हुसकावले. नाटोच्या हवाई मोहिमेनंतर ९ जून १९९९ रोजी कुमानोवो येथे लष्करी करार झाला, १० जूनला सुरक्षा परिषदेने ठराव १२४४ संमत केला आणि १२ जूनला केफोर आत शिरली. सुरुवातीला तिचे बळ ५० हजारांच्या घरात होते. कायद्याने प्रदेश युगोस्लावियाचाच (सर्बिया ज्यात होता त्या देशाचा) राहिला, कारभार संयुक्त राष्ट्रांचा आणि बंदूक नाटोची, अशी रचना होती. बहुतेक अल्बेनियनांना ही फौज मुक्तिदाती वाटत होती. सर्ब आता गावागावांत विखुरलेली अल्पसंख्या झाले होते आणि त्यांचे जगणे तिच्या पहाऱ्यावर चालले होते.

ठराव १२४४ च्या नवव्या परिच्छेदात पुढचा घोळ लपलेला आहे. सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी तिथे केफोरवर टाकली आहे, पण मुलकी प्रशासन ती उचलू शकेपर्यंतच. २००४ पर्यंत ती बऱ्याच अंशी पोलिसांकडे गेली होती. दंगल पोलिसांच्या आवाक्याबाहेर गेली की ती पुन्हा लष्कराकडे कोणत्या क्षणी यायची, ते कोणी ठरवायचे आणि कोणत्या शब्दांत कळवायचे, याची पक्की घडी मात्र बसलेली नव्हती.

१९९९ मध्ये प्रदेश पाच ब्रिगेडींत वाटला गेला. उत्तरेला मित्रोवित्साभोवती फ्रेंच, दक्षिणेला प्रिझ्रेनमध्ये जर्मन, पश्चिमेला पेच भागात इटालियन, मध्यभागी प्रिश्टिनात ब्रिटिश आणि पूर्वेला अमेरिकन. पुढे फौज घटत गेली तशा ब्रिगेडी चारवर आल्या आणि मध्य भागाची धुरा नॉर्डिक देशांकडे गेली. प्रत्येक पथकाचा तळ वेगळा, रसद वेगळी, बळ वापरण्याचे नियम छापलेले कार्डही आपापल्या देशाचे.

२००२ च्या सुरुवातीला ३९ हजार, जून २००३ मध्ये २६ हजार आणि वर्षअखेरीस १७,५०० असे बळ उतरत गेले. त्याबरोबर गावांच्या तोंडावरच्या चौक्या आणि चर्चच्या दारातले पहारे उठले, काही स्थानिक पोलिसांकडे गेले. स्थिर पहारे कमी करून फिरती गस्त वाढवण्याचा विचार मुळात चुकीचा नव्हता. चौकीवर अडकलेला सैनिक दुसरीकडे कामाला येत नाही, हे खरेच आहे. पण चौक्या उठवल्या की त्यांच्या जागी हाकेसरशी निघणारी राखीव तुकडी लागते. ती १७ मार्चला नव्हती.

ठिणगी ते वणवा

१५ मार्चच्या संध्याकाळी प्रिश्टिनाच्या दक्षिणेला लागून असलेल्या चाग्लावित्सा या सर्ब गावात धावत्या गाडीतून झालेल्या गोळीबारात एक सर्ब तरुण जखमी झाला. सर्बांनी प्रिश्टिना-स्कोप्ये हा मुख्य रस्ता अडवला. १६ मार्चला मित्रोवित्साजवळच्या चाब्रा गावातली तीन अल्बेनियन मुले इबार नदीत बुडाली. वाचलेल्या मुलाने सांगितले की सर्बांनी कुत्रा घेऊन पाठलाग केला. दूरचित्रवाणीवर ते रात्रभर सिद्ध झाल्यासारखे चालले. उन्मिकने या म्हणण्याला पुष्टी दिली नव्हती आणि पुढच्या तपासातही त्याला आधार मिळाला नाही. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या माध्यम-प्रतिनिधीने एप्रिलमध्ये दिलेल्या अहवालात त्या रात्रीच्या वार्तांकनावर कठोर ठपका ठेवला.

१६ मार्चलाच, युद्धात सर्बियाविरुद्ध लढलेल्या जुन्या अल्बेनियन लढवय्यांच्या संघटनांनी, त्यांच्या माजी सेनानींना झालेल्या अटकांविरुद्ध, शहराशहरांत मोर्चे काढले होते. म्हणजे १७ ला सकाळी लोक, बस आणि संतापाचे कारण तिन्ही तयार होते.

१७ मार्चला मित्रोवित्साच्या अल्बेनियन दक्षिण भागातून जमाव इबारवरच्या पुलाकडे, पलीकडच्या सर्ब भागाच्या दिशेने निघाला. दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला, हातबॉम्ब पडले, माणसे मेली. ही बातमी पसरताच इतर शहरांतून जमाव निघाले. दोन दिवसांत ३३ ठिकाणी दंगली झाल्या आणि सुमारे ५१ हजार लोक त्यांत उतरले, असा अंदाज आहे. १७,५०० चा आकडा या ५१ हजारांशेजारी ठेवताना एक लक्षात घ्यावे लागते. फौजेतले चालक, आचारी, अभियंते, दळणवळणवाले, वैद्यकीय कर्मचारी आणि तळाचे पहारेकरी वजा केले की रस्त्यावर उभे राहू शकणारे पायदळ फार थोडे उरते. त्यातलेही बहुतेक आपापल्या ब्रिगेडीच्या हद्दीत बांधलेले होते.

चाग्लावित्सा, स्विन्यारे, प्रिझ्रेन

चाग्लावित्सा हे प्रिश्टिनाहून दक्षिणेला जाणाऱ्या मुख्य रस्त्यावरचे गाव. राजधानीतून हजारोंचा जमाव तिकडे निघाला. स्वीडिश आणि इतर नॉर्डिक सैनिक उन्मिक पोलिसांबरोबर रस्त्यात उभे राहिले आणि रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा धडकणाऱ्या लोंढ्यांना त्यांनी रोखून धरले. कडेची काही घरे जळाली, पुष्कळ सैनिक दगडांनी जखमी झाले, पण गाव राहिले.

अशी रांग उभी करायला काय लागते, ते सुटे करून पाहण्यासारखे आहे. दंगलीची ढाल साधारण ५५ ते ६० सेंटीमीटर रुंद असते. १५ मीटरचा रस्ता बंद करायचा तर एका ओळीत २५ च्या आसपास ढाली हव्यात. मागे दुसरी ओळ, पडलेल्याची जागा भरायला. त्यामागे जमावातला म्होरक्या उचलून आणणारी छोटी टोळी, अश्रुधूर डागणारे, वैद्यकीय पथक, पेट्रोल बॉम्बसाठी अग्निशामक घेतलेले जवान. बाजूला एखादा नेमबाज, जमावात कोणी बंदूक काढली तर फक्त त्याच्यासाठी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेत असेल तर तिथे काटेरी तारेची वेटोळी आणि आडव्या लावलेल्या चिलखती गाड्या, नाहीतर जमाव वळसा घालून मागे येतो. शिरस्त्राण, गुडघ्याची कवचे आणि ढाल घेऊन अंगावर दगड झेलणारा माणूस अर्ध्या-पाऊण तासात गळतो, म्हणून बदली कंपनी तयार ठेवावी लागते. एका रस्त्यासाठी दीड-दोनशे माणसे सहज लागतात. ती बारा तास टिकवायची तर त्यांच्या दुप्पट. आणि ही सगळी आधी एकत्र सराव केलेली असावी लागतात, कारण ढालींच्या ओळीत एक जण दचकून मागे सरला की फट पडते.

स्विन्यारे हे मित्रोवित्साच्या दक्षिणेचे गाव. तिथून काहीशे मीटरवर फ्रेंच फौजेचा मोठा तळ होता, बेल्वेदेर. १८ मार्चला जमाव गावात शिरला. सैनिकांनी सर्ब रहिवाशांना बाहेर काढले आणि त्यांच्यामागे गावातली सर्बांची सर्वच्या सर्व १३७ घरे जळाली. शेजारच्या अल्बेनियन घरांना धक्का लागला नाही, म्हणजे कोणते घर जाळायचे हे जाळणाऱ्यांना ठाऊक होते. जवळच्या वुचित्र्न शहरात अश्काली समाजाची ६९ घरे गेली. हा समाज अल्बेनियन भाषा बोलतो, पण सर्बांशी जवळीक असल्याचा आरोप त्याच्यावर होत आला आहे. तिथेही फ्रेंच तळ दूर नव्हते.

माणसे वाचवली, हा फ्रेंच बाजूचा युक्तिवाद हलका नाही. घरासाठी कोणी सैनिक मरावा किंवा कोणी जमावावर गोळ्या चालवाव्यात, असे म्हणणे अवघड आहे. पण स्विन्यारेत चूक घरे जळताना झाली नाही, त्याआधीच्या तासांत झाली. गावात शिरण्यापूर्वी जमाव रस्त्यावर असतो, त्याला तोंड असते, ते अडवता येते. एकदा तो गल्ल्यांत पसरला की पाच-पाच, दहा-दहा जणांच्या टोळ्या होतात. मग १३७ घरांसाठी तितकेच पहारे लागतील, आणि तेवढी माणसे कोणत्याच कमांडरकडे नसतात. त्या टप्प्यावर रहिवाशांना हलवणे एवढाच मार्ग उरतो. अशा मोहिमेत 'आधी माणसे बाहेर काढा' हा हुकूम पहिला ठेवला की गाव वाचवायची वेळ निघून गेलेली असते, आणि जाळायला आलेल्यांना हवे तेच हाती पडते, रिकामे गाव.

प्रिझ्रेनमध्ये तर अडवणारी रांग दिसलीच नाही. बिस्त्रित्सा नदीच्या वरच्या उतारावर जुनी सर्ब वस्ती, काही डझन वृद्ध रहिवासी, आणि शहरभर मध्ययुगीन चर्च. राजा मिलुतीनने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवलेले बोगोरोदित्सा ल्येविश्का हे त्यातले सर्वांत मोलाचे, आतल्या भित्तिचित्रांसाठी. १७ मार्चच्या रात्री ते पेटवले गेले. सर्ब वस्ती आणि धर्मविद्यालयही जळाले. उन्मिकच्या आंतरराष्ट्रीय पोलिसांनी जर्मन फौजेकडे मदत मागितली, ती आली नाही. शहराबाहेरच्या दरीतील पवित्र देवदूतांच्या मठातून सैनिकांनी भिक्षूंना सुखरूप बाहेर नेले आणि मठ मागे जळाला.

पश्चिमेला याच्या उलट, इटालियन सैनिकांनी राखलेला डेचानी मठ शाबूत राहिला. त्याच इटालियन क्षेत्रात पेचजवळच्या बेलो पोल्येमध्ये, परतून आलेल्या सर्बांची नवी बांधलेली घरे मात्र गेली. एकाच देशाच्या हाताखाली दोन निकाल लागले, म्हणून अमुक राष्ट्राचे सैनिक शूर आणि तमुक भित्रे ही मांडणी मला खोटी वाटते. डेचानीला पहारा कायम होता आणि काय राखायचे हे स्पष्ट होते. बेलो पोल्येत दोन्ही नव्हते.

हुकूम कुठे अडकला

केफोरचे कमांडर तेव्हा जर्मनीचे लेफ्टनंट जनरल होल्गर कामरहोफ होते. नकाशावर सगळी फौज त्यांची. प्रत्यक्षात कोणताही देश नाटोच्या कमांडरला आपले पथक पूर्णपणे देऊन टाकत नाही. ठरावीक कामांसाठी, ठरावीक हद्दीत, ठरावीक अटींवर वापरू देतो. या राष्ट्रीय अटींपैकी काही लिहून कळवलेल्या असतात आणि काही प्रसंग आल्यावरच समजतात. कोसोवोत त्या साधारण तीन प्रकारच्या होत्या. आमचे सैनिक अमुक ब्रिगेडीच्या हद्दीबाहेर जाणार नाहीत. आमचे सैनिक दंगलनियंत्रण करणार नाहीत. आमचे सैनिक जिवाच्या रक्षणासाठी बळ वापरतील, मालमत्तेच्या रक्षणासाठी नाही.

आता एका कंपनीला पूर्वेकडून मध्यभागी आणायचे असेल तर रस्ता असा. ब्रिगेड मुख्यालय प्रिश्टिनातल्या केफोर मुख्यालयाकडे मागणी करते. तिथला कार्यकक्ष मोकळी कंपनी शोधतो. त्या कंपनीच्या देशाचा कोसोवोतील सर्वांत ज्येष्ठ अधिकारी पाहतो की हे आपल्या अटींत बसते का. बसत नसेल किंवा शंका असेल तर तो आपल्या राजधानीला फोन करतो. तिकडे संरक्षण मंत्रालयात निर्णय घेणारा माणूस सापडावा लागतो, त्याला चित्र समजवावे लागते. होकार आला तरी पुढे ४० ते ८० किलोमीटरचा रस्ता असतो आणि त्या दिवशी रस्तेच अडवलेले होते. जमावाला एका गावातून दुसऱ्या गावात जायला कोणाला विचारावे लागत नव्हते. ३३ ठिकाणे जवळजवळ एकाच वेळी पेटल्यावर प्रत्येक ब्रिगेड आपले राखीव हातचे सोडायलाही नाखूश होती, आणि तिच्या जागी बसून पाहिले तर ते समजण्यासारखे आहे.

दुसरी अडचण हातातल्या साधनांची. अनेक तुकड्या युद्धाच्या सरावाने आल्या होत्या. रायफल, मशीनगन, चिलखती गाड्या भरपूर होत्या. ढाली, लाठ्या, अश्रुधूर, रबरी गोळ्या नव्हत्या किंवा मोजक्याच होत्या. अशा सैनिकापुढे दोनच पर्याय उरतात: नि:शस्त्र दिसणाऱ्या गर्दीवर जिवंत गोळी चालवणे किंवा बाजूला होणे. किशोरवयीन मुले पुढे आणि दगड-बाटल्यावाले मागे, अशी गर्दी असताना बहुतेकांनी गोळी चालवली नाही. त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. दोष त्यांना मधल्या पायऱ्यांशिवाय पाठवणाऱ्यांचा आहे.

जर्मन पथकाच्या बाबतीत तर कायदाच आडवा होता. रासायनिक अस्त्रांवरील आंतरराष्ट्रीय करार युद्धात अश्रुधूर वापरायला बंदी घालतो, पण कायदा-सुव्यवस्थेसाठी मुभा देतो. जर्मनीच्या अंमलबजावणी कायद्यात ही मुभा परदेशातील शांतिमोहिमेवर असलेल्या सैनिकांपर्यंत पोचत नव्हती. प्रिझ्रेननंतर २००४ मध्येच तो कायदा बदलला. बर्लिनमधल्या एका कलमाचे परिणाम बिस्त्रित्साच्या काठावर दिसावेत, हे बहुराष्ट्रीय फौजेत वरचेवर घडते. पथक आणताना त्याच्यासोबत त्याचा देशांतर्गत कायदाही येतो, आणि तैनातीपूर्वी तो वाचून घ्यावा लागतो.

तिसरी अडचण पोलीस आणि लष्कर यांच्यामधली. उन्मिक पोलिसांचा हुकूम वेगळ्या साखळीतून येत होता, केफोरचा वेगळ्या. पोलिसांना वाटे लष्कर येईल, लष्कराला वाटे हे पोलिसांचे काम. स्थानिक पोलिसांत काहींनी जीव धोक्यात घालून सर्ब शेजाऱ्यांना बाहेर काढले, काही नुसते पाहत राहिले आणि काही हल्लेखोरांत सामील असल्याचे आरोप झाले. नवे दल जातीय दंगलीत एकसंध राहील असे गृहीत धरून आखलेला बंदोबस्त पहिल्याच तासात पोकळ ठरतो.

माहिती गोळा करण्यातही पोकळी होती. पथके सहा महिन्यांनी बदलत. गावातल्या कोणत्या कॉफीघरात काय बोलले जाते, कोणत्या संघटनेकडे किती बस आहेत, हे कळायला लागेपर्यंत माणूस घरी परतलेला असतो. १६ तारखेच्या मोर्चांनंतर आणि त्या रात्रीच्या बातम्यांनंतर दुसऱ्या दिवशी काय होऊ शकते, याचा अंदाज बांधून राखीव तुकड्या रात्रीतच हलवायला हव्या होत्या. तसे झाले नाही.

त्यानंतर

नाटोने सुमारे २,५०० जादा सैनिक घाईने पाठवले. सर्वांत आधी पोचलेल्यांत ब्रिटनची सज्ज बटालियन होती. १९ मार्चनंतर हिंसा ओसरली. नाटोच्या दक्षिण विभागाचे प्रमुख अ‍ॅडमिरल ग्रेगरी जॉन्सन यांनी हा प्रकार वांशिक शुद्धीकरणाच्या जवळ जाणारा असल्याचे उघड म्हटले.

पुढच्या दोन वर्षांत ब्रिगेडींची जागा पाच बहुराष्ट्रीय कृतिदलांनी घेतली. हद्दी ओलांडून तुकड्या हलवता याव्यात हा त्यामागचा मुख्य हेतू होता. अनेक देशांनी अटी सैल केल्या. ढाल, लाठी आणि अश्रुधूर यांचे प्रशिक्षण केफोरच्या नेहमीच्या कामाचा भाग झाले. पायाशी पेट्रोल बॉम्ब फुटत असताना ओळ न मोडता ज्वाळेतून पुढे सरकण्याचा सराव त्यात येतो. नऊ धर्मस्थळे व स्मारके विशेष दर्जाची म्हणून ठरवून त्यांच्या रक्षणाची जबाबदारी केफोरवर लेखी आली. मालमत्तेसाठी बळ वापरायचे की नाही, हा प्रिझ्रेनमधला प्रश्न निदान या नऊ जागांपुरता सुटला. २०१० पासून एकेक स्थळ कोसोवो पोलिसांकडे देण्यात आले, डेचानी मात्र केफोरकडेच राहिला. २००८ नंतर प्रतिसादाचा क्रमही ठरला: आधी कोसोवो पोलीस, मग युरोपीय संघाची पोलीस मोहीम, तिसरी केफोर.

राजधानीचा फोन मात्र संपलेला नाही. कोणत्याही देशाची संसद आपल्या सैनिकांवरचा शेवटचा शब्द सोडणार नाही, आणि लोकशाहीत तो सोडूही नये. करता येते ते इतकेच की होकार आधी मिळवून ठेवायचा: कोणती कंपनी, कोणत्या प्रसंगी, कोणत्या हद्दीपर्यंत, किती तासांत, हे तैनातीच्या करारातच लिहून घ्यायचे आणि दर पथक बदलले की पुन्हा तपासायचे. ज्या देशाला ते मान्य नाही त्याचे सैनिक तळाच्या पहाऱ्याला, दवाखान्याला, रस्ते बांधायला घ्यावेत. तेही लागतात. पण नकाशावर त्यांना राखीव दल म्हणून रंगवू नये.

२९ मे २०२३ रोजी उत्तरेतल्या झ्वेचान येथे नगरपालिकेच्या इमारतीसमोर सर्ब जमाव आणि केफोर समोरासमोर आले. सर्बांनी बहिष्कार टाकलेल्या निवडणुकीतून आलेल्या अल्बेनियन महापौरांना तो विरोध होता. इटालियन आणि हंगेरियन सैनिक ढालींच्या ओळीत होते. त्यांच्यावर दगड, बाटल्या, पेट्रोल बॉम्ब आणि स्फोटके आली. पहिल्या मोजणीत ३० सैनिक जखमी निघाले, ११ इटालियन आणि १९ हंगेरियन, पुढे आकडा ९० च्या वर गेला. काहींना हाडे मोडण्यापर्यंत आणि भाजण्यापर्यंत गंभीर इजा झाल्या. नाटोने आधीच नेमून ठेवलेल्या राखीव दलातून आणखी ७०० सैनिक पाठवले. त्या दिवशी झ्वेचानमध्ये कोणी मेले नाही.